श्रवणाचा विसावा

व्यापाऱ्याचा थकवा हमालाच्या थकव्यासारखा नसतो. हमालाने दिवसभर पोती वाहिली की रात्री पाठ टेकताच त्याचा डोळा लागतो, कारण त्याचे ओझे गोदामात उतरलेले असते. व्यापाऱ्याचे ओझे दुकानाचे शटर ओढल्यावरही उतरत नाही. अडकलेली उधारी, उद्या वटायचा धनादेश, सकाळी एक असलेला आणि दुपारी दुसराच झालेला भाव, हे सारे त्याच्याबरोबर घरी येते आणि रात्री उशाशी बसते. गादीवर बसून केलेल्या कामाने शरीर फारसे शिणत नाही. मन मात्र थांबत नाही. न शिणलेले शरीर झोप मागत नाही आणि न थांबणारे मन ती येऊ देत नाही. अशा माणसाला विश्रांती मिळावी तरी कशाने?

‘शांत संगीत ऐकत जा’ हा सल्ला अलीकडे डॉक्टरही देतात. सल्ला चुकीचा नाही; परंतु ऐकणे म्हणजे नेमके काय, हे त्यात सांगितलेले नसते. त्यामुळे पुष्कळ घरांत हा उपाय आठ-पंधरा दिवस चालतो आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटासारखा बाजूला पडतो. सांगलीच्या हळदपेठेतील एका जुन्या आडत्याची हकिकत या बाबतीत बरेच काही शिकवून जाते.

घरात आणि पेठेत सारे त्यांना अण्णा म्हणत. तीन पिढ्यांची आडत, मार्केट यार्डात स्वतःचा गाळा आणि सौद्यात दिलेला शब्द कधी न मोडल्याचा लौकिक. सांगलीचा हळद व्यापार हा मुळात थांबण्याचा व्यापार. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपुरात जमिनीखाली खोल खणलेली पेवे असत. त्यांत हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे टिके आणि व्यापारी भावाची वाट पाहत निश्चिंत राही. २००५ च्या महापुरात त्यांतील अनेक पेवांत पाणी शिरले आणि माल हळूहळू गोदामांत आला. त्याच सुमारास संगणकावरचे वायदे आले, मोबाइलवर क्षणाक्षणाला बदलणारे दर आले. पेवांबरोबर वाट पाहण्याची ती जुनी सवयही पेठेतून उठून गेली.

२०१० मध्ये हळदीने कधी न पाहिलेला भाव पाहिला आणि २०११ मध्ये ती कोसळत गेली. अण्णांनी चढत्या भावात घेतलेला माल गोदामात होता. मुलगा म्हणे, “अण्णा, थोडा तरी माल काढून टाकू या. तुम्ही म्हणाल तेवढाच.” अण्णा उत्तर देत नसत, दिले तर आवाज चढे. रात्री दोन वाजता ते उठत, दिवा लावत आणि खतावणी उघडून तेच आकडे पुन्हा मांडत. आकडे बदलत नसत. सकाळी डोळे लाल आणि स्वभाव तापट. वर्षानुवर्षे दुकानात राबणारा मुनीमही त्यांच्यासमोर यायला बिचकू लागला होता.

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि रोज संध्याकाळी शास्त्रीय संगीत ऐकायला सांगितले. मुलाने मोबाइलमध्ये बासरी, संतूर आणि काही ख्याल भरून दिले. अण्णांनी पथ्य पाळावे तसे ते पाळले. रोजमेळ लिहिताना मोबाइल शेजारी ठेवायचा आणि हिशेब संपेपर्यंत तो वाजू द्यायचा. मधे फोन आला की गाणे थांबे, फोन संपला की पुन्हा सुरू होई. महिन्याने त्यांनी निर्णय दिला, “हे आपल्यासाठी नाही. नुसते आ आ करत बसतात.”

हे ऐकून हसले ते त्यांचे मिरजेचे स्नेही. निवृत्त शिक्षक, स्वतः न गाणारे, पण आयुष्यभर ऐकत आलेले. ते म्हणाले, “अण्णासाहेब, तुम्ही गाणे वाजवता, ऐकत नाही. गिऱ्हाईक समोर बसून बोलते आहे आणि तुम्ही वहीत मान घालून बसला आहात, तर ते किती वेळ थांबेल? गाण्याचेही तसेच आहे. एकदा मिरजेला या.”

सांगलीहून मिरज जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. अण्णा शेकडो वेळा तेथे गेले होते ते स्टेशनला, दवाखान्यांत किंवा वसुलीला. सतारमेकरांच्या गल्लीत ते पहिल्यांदाच शिरले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर, वाद्यांकडे वळले आणि त्यांच्या वंशजांचे तंबोरे देशभरच्या गवयांच्या मागे वाजू लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठाले भोपळे दुकानात टांगलेले होते. एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होता. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवत राहायचे. तार तीच, भोपळा तोच. पण धागा नेमक्या जागी आला की कोरडा आवाज एकाएकी भरून येतो आणि एका स्वरातून अनेक स्वर झंकारू लागतात. त्या कारागिराला कसलीच घाई नव्हती. अण्णा अर्धा तास तेथे बसले. एकदाही त्यांनी मोबाइल पाहिला नाही, हे त्यांच्या नव्हे, स्नेह्यांच्या लक्षात आले.

मिरजेचे गाण्याशी नाते वाद्यांपुरते नाही. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे राहिले. त्यांच्यापाशी शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि सामान्य घरांतील मुलामुलींना गाणे शिकण्याची वाट मोकळी केली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावी स्थायिक झाले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्थानकावर त्यांचा अंत झाला. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गाणे होते. त्यांच्या काळी ध्वनिमुद्रिकेची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची असे. त्या तीन मिनिटांतही त्यांचा स्वर घाई करत नाही. अण्णांना स्नेह्यांनी प्रथम ऐकवली ती त्यांचीच झिंझोटी. नंतर त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, ही परंपरा सांगून भीमसेनांच्या यमनकल्याणची तबकडी हाती ठेवली. भीमसेन त्याच वर्षीच्या जानेवारीत निवर्तले होते.

स्नेह्यांची अट साधी होती. दिवसातून एकदाच, अर्धा-पाऊण तास. मोबाइल दुसऱ्या खोलीत. वही, वर्तमानपत्र, जेवण काही नको. आठवडाभर एकच राग. आणि आवडलेच पाहिजे असा आग्रह नको.

अण्णांचे संध्याकाळचे जेवण दिवस मावळण्यापूर्वी डब्यातून दुकानातच होई. आठ वाजता ते घरी येत तेव्हा स्वयंपाकघर केव्हाच आवरलेले असे. ती वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची, म्हणजे यमनाचीच. जुन्या संगीतशास्त्राने दिवसरात्रीचे तीन-तीन तासांचे आठ प्रहर मानून रागांना वेळा नेमून दिल्या. सूर्य मावळताना पूरिया आणि मारवा, त्यांत एक हुरहुर असते. दिवा लागल्यावर यमन. रात्र चढली की बिहाग आणि बागेश्री. मध्यरात्रीच्या सुमारास दरबारी कानडा आणि मालकंस. पेठेचे घड्याळ भावावर चालते. हे दुसरे घड्याळ उजेडावर चालते आणि त्यात कोणाचे नुकसान होत नाही.

पहिल्या दिवशी अण्णांनी व्यापारी माणसाने करावे तेच केले. ते मात्रा मोजू लागले. एकतालाच्या बारा मात्रा, हे स्नेह्यांनी सांगितले होते. परंतु विलंबित ख्यालात एका मात्रेला तीन-चार सेकंद, कधी अधिक. एक आवर्तन पुरे व्हायला पाऊण मिनिटाच्या आसपास लागते. सहाव्या-सातव्या मात्रेपर्यंत हिशेब राही, मग गवई एखाद्या गंधारावर असा थांबे की मोजणारा मोजणे विसरे आणि सम आली की दचके. चुकलेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडायचा, ही त्यांची सवय. येथे तो मांडला तरी पुन्हा चुके. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मोजणे सोडून दिले. तरीही सम यायची तेव्हा आलीच. गेल्या कित्येक महिन्यांत, ज्याचा हिशेब आपण ठेवला नाही तेही वेळेवर आपल्या ठिकाणी येऊन पोहोचते, हा अनुभव त्यांना पहिल्यांदाच आला.

विलंबित ख्यालाचे सामर्थ्य बहुधा याच ठिकाणी आहे. गवई सारे स्वर एकदम समोर मांडत नाही. षड्जाभोवती तो रेंगाळतो, निषादाला स्पर्श करून परततो, मग रिषभ, मग गंधार. तीव्र मध्यम येईल असे वाटत असतानाही तो थांबतो आणि तो स्वर लागतो तेव्हा खोलीत खिडकी उघडल्यासारखे होते. पुढे काय होणार याची उत्सुकता असते; पण धास्ती नसते. व्यापाऱ्याच्या मनाला वाट पाहणे ठाऊक आहे. त्याने पाहिलेल्या प्रत्येक वाटेला लाभ किंवा हानी यांपैकी एक शेपूट मात्र चिकटलेले असते. ज्या वाट पाहण्याच्या शेवटी काहीच पणाला लागलेले नाही, ती त्याच्या वाट्याला क्वचित येते. तीच खरी विश्रांती. पार्श्वभूमीला वाजणाऱ्या संगीतातून ती मिळत नाही, कारण मन तेव्हाही आपल्या जुन्याच वाटेवर चालत असते. संगीताने फक्त त्या वाटेवर थोडी झालर लावलेली असते.

शास्त्रज्ञांनीही या प्रश्नाकडे पाहिले आहे. इटलीतील पाविया येथील लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. २४ जणांना, त्यांपैकी निम्मे संगीत शिकलेले, सहा प्रकारचे संगीत ऐकवण्यात आले. त्यात भारतीय रागसंगीतही होते. लय जलद झाली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढत. श्रोत्याच्या आवडीनिवडीपेक्षा लयीचा परिणाम अधिक दिसला. सर्वांत लक्षणीय गोष्ट मात्र वेगळीच होती. संगीताच्या मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवलेली होती आणि त्या शांततेत नाडी व रक्तदाब आरंभीच्या पातळीपेक्षाही खाली आले. संगीत मनाला एकाग्र करते आणि ते थांबल्यावर शरीर सैल होते, असा त्याचा अर्थ लावता येतो. प्रयोग लहान होता आणि त्यावरून कोणी गोळ्या बंद करू नयेत. अण्णांनीही केल्या नाहीत. पण ख्याल संपल्यावर लगेच दूरदर्शन संच लावू नये, पाच मिनिटे तसेच बसावे, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

या हकिकतीतील महत्त्वाची गोष्ट घडली ती दुसऱ्या आठवड्यात. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, पहिले काही दिवस आतल्या खोलीत मालिका पाहत. मग त्या आवाज लहान करू लागल्या, मग दाराशी येऊन उभ्या राहू लागल्या. एके दिवशी अण्णा कोणाला तरी सांगत होते, “सध्या यमन ऐकतो आहे.” काकू सहज म्हणाल्या, “अहो, हा नुसता यमन नव्हे. दोन गंधारांच्या मध्ये शुद्ध मध्यम अलगद येऊन जातो ना, म्हणून याला यमनकल्याण म्हणायचे.”

अण्णा पाहतच राहिले. “तुला हे कसे ठाऊक?”

काकूंनी लग्नापूर्वी इचलकरंजीला माहेरी असताना गाण्याची शिकवणी केली होती. पलुसकरांच्या शिष्यांनी उभारलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रवेशिका पूर्ण’ परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. पेटी माहेरीच राहिली. सासर मोठे, येणारे-जाणारे पुष्कळ, पुढे मुले. कोणी गाऊ नको म्हटले नाही. गा असेही कोणी म्हटले नाही. त्या घरात त्यांना अडतीस वर्षे झाली होती.

“कधी बोलली नाहीस,” अण्णा म्हणाले.

“तुम्ही कधी विचारले नाही,” काकू म्हणाल्या. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य अण्णांना अधिक लागले. खतावणीत कोणाकडे किती येणे आहे, हे ज्यांना तोंडपाठ होते, त्यांना स्वतःच्या घरातील ही ठेव ठाऊक नव्हती.

त्यानंतर त्या खोलीत दोन खुर्च्या लागल्या. काकू फार बोलत नसत. एखादी जागा आली की बोट किंचित उचलत. अण्णा तेथे कान देत. दुर्गा आणि भूप यांतला फरक त्यांनी गुणगुणून दाखवला तेव्हा आवाज चिरकला आणि दोघेही हसले. मुलगा आणि सून सुरुवातीला बिचकून लांब राहत. हळूहळू मुलगाही दुकानातून आल्यावर भिंतीला टेकून बसू लागला. बोलणे काहीच होत नसे. ज्या बाप-लेकांत वर्षभर दराशिवाय विषय नव्हता, ते अर्धा तास एका खोलीत दराविना बसू शकतात, हेही थोडे नव्हते.

संगीताने हळदीचा भाव वाढला नाही. पुढच्या हंगामात तो आणखी उतरला आणि अण्णांनी माल तीन हप्त्यांत, तोटा सोसून विकला. तोटा मोठा होता. एक जागा विकावी लागली. पण तो निर्णय रात्री दोनच्या दिव्याखाली झाला नाही. सकाळी, चहाच्या वेळी, मुलाला समोर बसवून झाला. “तू म्हणत होतास तेव्हाच थोडा काढायला हवा होता,” एवढे अण्णा बोलले. मुलाने मान खाली घातली आणि म्हणाला, “अण्णा, तेव्हा मलाही खात्री नव्हती.” पेठेत अशा प्रसंगांनी घरे फुटल्याची उदाहरणे कमी नाहीत. हे घर फुटले नाही. त्याचे सारे श्रेय यमनकल्याणला देणे अतिशयोक्ती ठरेल. मात्र ज्याची झोप झालेली असते त्याला दुसऱ्याचे म्हणणे ऐकू येते आणि रोज अर्धा तास ऐकण्याचा ज्याने सराव केला, त्याला ते अधिक स्पष्ट ऐकू येते, एवढे म्हणायला हरकत नाही.

व्यापारी घरांना हे काही परके नाही. पार्श्वदेवांचा ‘संगीतसमयसार’ आणि इसवी सन १३५० मधला सुधाकलशांचा ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हे संगीतशास्त्राचे संस्कृत ग्रंथ जैन ग्रंथकारांनीच लिहिले. नाद म्हणजे काय, तो उपजतो कोठून, याचा विचार याच परंपरेतील विद्वानांनी शतकांपूर्वी केलेला आहे. शास्त्र कळत नाही म्हणून लांब राहण्याचेही कारण नाही. तुरीची प्रत हातात घेऊन ओळखणारा व्यापारी ती कोणत्या पुस्तकातून शिकलेला नसतो. रोज हात लावून लावून बोटांना कळू लागते. कानाचेही तसेच.

ज्यांना आरंभ करायचा आहे त्यांनी गायनाऐवजी बासरी किंवा सरोद यांपासून केला तरी चालेल; शब्द नसल्याने मन अर्थ शोधत भरकटत नाही. आलापाच्या वेळी कंटाळा आला तर उठू नये; बहुतेक वेळा तो कंटाळा संगीताचा नसतो, थांबायला न शिकलेल्या मनाचा असतो. घरच्या बाईचे काम चालू असताना आपण एकट्याने विसावा घेत बसू नये. तिचे काम संपेल अशी वेळ निवडावी किंवा ते संपायला हातभार लावावा. आणि घरात कोणी आजी, काकू, आत्या गप्प बसून ऐकत असेल, तर तिला एकदा विचारून पाहावे, की हे तुम्ही पूर्वी कधी शिकला होतात का. काही घरांत माळ्यावर कापडात गुंडाळलेली एखादी पेटी अजून असेल. तिचा भाता फाटलेला असला तरी तो दुरुस्त होतो. मिरजेत ते काम करणारे कारागीर आजही आहेत.